झालं गेलं

१९९३ च्या जानेवारीत आमच्या रांजणगावला नगर रोडवर एस.टी. थांबली की मुंबईची माणसं बोचकी-वळकट्या घेऊन उतरायची. दंगलीचं विचारलं तर मान फिरवायची. शिमग्यापर्यंत बहुतेक जण परत गेले. पारावर आम्ही म्हणालो, झालं गेलं, आता विसरावं. म्हणणाऱ्यांत मीही होतो.

ज्यांच्या घरात घाव बसला, त्यांना ते जमणार होतं का? १० जानेवारीला वडाळ्याच्या हरी मशिदीत नमाजाला जमलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. काही तिथंच गेली. बँकेत शिपाई असलेल्या फारूक मापकरांना गोळी लागली, आणि वर दंगलीचा गुन्हाही त्यांच्यावरच पडला. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ ला आला. हा गोळीबार समर्थनीय नव्हता, असं त्यात लिहिलं. तरी मापकरांच्या तारखा चालूच. २००८ ला हायकोर्टानं गोळीबाराचा तपास सीबीआयकडं दिला. २००९ ला मापकर निर्दोष सुटले. स्वतःवरचा डाग पुसायलाच सोळा वर्षं गेली. गोळीबाराचा तपास मात्र सीबीआयनं पुढं बंद करायला काढला.

त्या दंगलीत १६८ माणसं बेपत्ता झाली. प्रेत नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून भरपाईला अडचण. ६० घरांना ती मिळाली. राहिलेली १०८ घरं शोधा, २ लाख रुपये १९९९ पासूनच्या ९ टक्के व्याजानं द्या, असं सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२२ ला सांगितलं. तोवर वाट बघणाऱ्या कितीतरी आया गेल्या असतील.

बांधाच्या दाव्यात मी अकरा वर्षं तारखा केल्यात. पहाटेची एस.टी., फडक्यात भाकरी, दिवसभर पुकाऱ्याकडं कान, आणि शेवटी पुढची तारीख. भांडण होतं हातभर मातीचं. आज्याच्या वेळंला सरकलेला बांध, पण आमच्या घरात तो कुणी विसरलं नव्हतं. वकिलानं एकदा तडजोडीचं काढलं, तर मी दोन दिवस जेवलो नाही.

आणि हाच मी, ज्यांचा पोरगा नाहीतर कारभारी गेला, त्यांना विसरा म्हणत होतो. त्यांना पैसा हवा असंल, नाही असं नाही. पण आधी कुणीतरी कागदावर लिहावं, की तुमचा माणूस दंगलखोर नव्हता, त्याला मारायला नको होतं.

आता पारावर तो विषय निघाला, तर मी 'झालं गेलं' म्हणत नाही.