धक्क्यावरची वीज

बोटीतल्या ए.सी.ची गोष्ट म्हसावदमध्ये सांगायची, तर विहिरीवरच्या मोटारीपासून सुरुवात करावी. मोटार सुरू होताना नेहमीच्या ५-६ पट करंट ओढते. व्होल्टेज कमी असले की ती नुसती घुमते आणि शेवटी वाइंडिंग जळते. धक्क्याला बांधलेल्या छोट्या बोटीचेही तसेच आहे. किनाऱ्यावरच्या खांबावरून तिला बेताचीच वीज मिळते. पाण्याचा हीटर चालू असताना ए.सी.चा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडालाच!

मोठ्या जहाजांची कथा निराळी. १८८० साली अमेरिकेच्या 'कोलंबिया' जहाजावर एडिसनचे दिवे लागले. मुंबईलाही येणाऱ्या, १९३१ सालच्या इटालियन 'व्हिक्टोरिया' जहाजाचे पहिल्या वर्गाचे जेवणघर वातानुकूलित होते. प्रवासी सुखावले, पण ही वीज जहाजाच्याच पोटात तयार होई. त्यामुळे जहाज बंदरात उभे असले तरी जनरेटर धडधडत राही आणि धूर बंदरालगतच्या वस्तीत जाई. कोळशाच्या काळात मुक्काम लांबला की भट्टी विझे, लोखंड गार पडे. पुढे किनाऱ्यावरून वीज घेण्याला 'कोल्ड आयर्निंग' म्हणू लागले ते त्यावरूनच.

स्वीडनच्या गोटेनबर्ग बंदराने २००० साली मालवाहू जहाजांना उच्च दाबाची वीज दिली. २००१ साली अलास्कातल्या जुनो येथे प्रवासी जहाजांनी जनरेटर बंद करून किनाऱ्याची केबल जोडली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२३ च्या 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वांत ही सोय आली. अडचण एक आहे. बहुतेक मोठी जहाजे ६० हर्ट्झची, आपली वीज ५० ची. मधे कन्व्हर्टर लागतो, आणि तो स्वस्त नसतो.

मला मात्र जुनोची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. तिथली वीज पाण्यापासूनची होती. वीज कोळशाची असेल, तर बंदरातला धूर फक्त औष्णिक केंद्राच्या गावी जातो. आणि पाण्याची असेल, तर? आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात आली. त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. ती मुंबईच्या धक्क्यावर जाते असे मी म्हणत नाही. ग्रिडमध्ये मिसळलेल्या विजेला गाव उरत नाही. सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या त्याच फुगलेल्या पाण्यावर, आज बुडितातली माणसे बोटीने दवाखान्याला आणि बाजाराला जातात.