चाकांची घरघर (मोटारगाडी)

चाकांची घरघर : धावत्या गाडीच्या चाकांतून किंवा त्यांना शक्ती पुरवणाऱ्या भागांतून येणारा सलग गुणगुणीचा वा गुरगुरीचा आवाज. तो गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर क्लच दाबावा. इंजिनाचे फेरे उतरूनही आवाज तसाच राहिला, तर दोष बहुधा चाकांकडे असतो. इंजिन मात्र बंद करू नये.

ताशी ६० किमी. वेगाला सुमारे २ मी. परिघाचे चाक सेकंदाला आठेक फेऱ्या घेते. एवढ्या मंद गतीचे असंतुलन कानाला ऐकू येत नाही, स्टिअरिंगला थरथर जाणवते. बेअरिंगच्या कड्याला खड्डा पडला, की प्रत्येक फेरीत अनेक गोळ्या त्यावर आपटतात आणि गुरगुर उमटते.

टायर : पहिला संशय यावरच घ्यावा. टायरच्या नक्षीवरून तळहात पुढे-मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे टोचले, तर झीज असमान आहे. चुकीचे अलाइनमेंट, कमी हवा, थकलेले शॉक अब्सॉर्बर ही कारणे. डांबरावरून काँक्रीटवर गाडी गेली, की टायरचा सूर बदलतो. बेअरिंगचा फारसा बदलत नाही. टायर पुढचे मागे केल्यावर आवाजाची जागाही बदलली, तर निदान पक्के. हा पडताळा न घेता बेअरिंग बदलणे म्हणजे निव्वळ खर्च.

बेअरिंग : डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा घरघर वाढल्यास बहुधा उजवे बेअरिंग गेलेले असते. दुहेरी ओळीच्या बेअरिंगांत उलटा अनुभवही येतो, म्हणून एकट्या वळणावर निकाल देऊ नये. गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावावा, चाक हाताने फिरवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवावीत. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते. चाक वर-खाली धरून हलवल्यास ढिलाईही कळते. मात्र ढिलाई नसली म्हणून बेअरिंग निर्दोष ठरत नाही.

मुर्धा परिसर : भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. परिसरात खाडी, तिवरे, मिठागरे; त्यामुळे गाडीची गाठ खाऱ्या पाण्याशी पडते. बेअरिंगच्या नेहमीच्या पोलादात क्रोमियम जेमतेम दीड टक्का असते, गंजरोधक पोलादात किमान साडेदहा; म्हणून खारे पाणी बेअरिंगला फार लवकर खाते. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, की खाडीलगतच्या सखल भागात साचणारे पाणी खारट असते. ब्रेकने तापलेला हब त्यात बुडताच आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ग्रीस पांढरट होते, मग गंजाचे ठिपके पडतात. घरघर पुढे काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकते. तोवर त्या पाण्याचा संबंध कोणाच्या ध्यानात राहत नाही. अशा पाण्यातून गाडी काढली असेल, तर मेकॅनिकला ते आधी सांगावे.

डिफरन्शिअल : बोलेरो, ईको यांसारख्या मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाड्यांत क्राऊन-पिनियनचा (डिफरन्शिअलमधील दातेरी चाकांच्या जोडीचा) सूर अधिक चढा, ॲक्सिलरेटर दाबता-सोडता बदलतो.

सीव्ही जॉइंट (चाकाला शक्ती देणाऱ्या दांड्याचा सांधा) : वळताना कटकट, घरघर क्वचित.

इतिहास : गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट फिलिप व्हॉन, १७९४, निमुळत्या रोलरचे टिमकेन, १८९८.

सीलबंद बेअरिंगला बाहेरून ग्रीस भरून गुण येत नाही, ते बदलावेच लागते. घरघरीसोबत चाक हाताला हलत असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये.