नियोजित पेशीमृत्यू आणि शरीराचा समतोल : एका संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रेशीम कीटकाच्या अळीने कोष विणून पूर्ण केला की तिच्या रेशीम ग्रंथी नष्ट होतात. पिंगळीपासून जवळच असलेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात या कीटकाच्या संगोपनावर संशोधन होते. त्यामुळे हे उदाहरण या परिसराला परके नाही. कार्य संपलेल्या पेशींचा हा अंत नियोजित असतो. ही गोष्ट विज्ञानाला उमगण्यास शतकाहून अधिक काळ का लागला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वेतिहास :
इ. स. १८४२ मध्ये कार्ल फोग्ट यांनी भेकाच्या वाढीत पेशी नाहीशा होताना पाहिल्या. १८८५ मध्ये वाल्टर फ्लेमिंग यांनी अंडाशयातील पेशींचे विघटन नोंदविले. तथापि, पेशीमृत्यू म्हणजे इजा किंवा रोग, हे समीकरण रूढ असल्याने या नोंदी दुर्लक्षित राहिल्या. शिवाय अशी पेशी आकसते, तिचे तुकडे होतात व शेजारच्या पेशी ते काही तासांत गिळून टाकतात. दाह होत नाही, खूणही उरत नाही.

संकल्पनेचा उदय :
रिचर्ड लॉकशिन व कॅरोल विल्यम्स यांनी १९६४-६५ मध्ये रेशीम पतंगाचा अभ्यास केला. कोषातून बाहेर पडण्यासाठी लागणारे स्नायू त्यानंतर लवकरच विघटित होतात, हे पाहून त्यांनी ‘नियोजित पेशीमृत्यू’ ही संज्ञा वापरली. १९७२ मध्ये केर, वायली व करी यांनी त्यास ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. पुढे एका सूक्ष्म कृमीच्या वाढीत निर्माण होणाऱ्या १,०९० कायिक पेशींपैकी नेमक्या १३१ मरतात, हे दिसून आले. या मृत्यूमागील जनुकेही सापडली. त्यासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

समतोलाचे महत्त्व :
मानवी शरीरात दररोज अब्जावधी पेशी जन्मतात व तितक्याच मरतात. हा मृत्यू रोखला गेल्यास कर्करोगास वाव मिळतो. तो अतिरेकी झाल्यास मेंदूच्या पेशींचा ऱ्हास संभवतो. १९८८ मध्ये बीसीएल-२ हे जनुक पेशींना मरणापासून वाचवते, हे सिद्ध झाले. त्याच्या प्रथिनास रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका कर्करोगासाठी मान्य झाले.

निष्कर्ष :
निरीक्षणे १८४२ पासून उपलब्ध होती. उणीव होती ती मृत्यूकडे व्यवस्था म्हणून पाहणाऱ्या दृष्टीची. ती दृष्टी रेशीम पतंगासारख्या साध्या जिवाने दिली व तिच्यातूनच रुग्णाच्या उपचाराची वाट निघाली. म्हणून मूलभूत संशोधनाचे मोल तत्काळ उपयोगावरून ठरवू नये, असे या इतिहासावरून म्हणता येईल.