कडू, निवळ, प्रसन्न

न्यूरेंबर्गमधल्या एका जुन्या मद्यगृहात भाच्याबरोबर बसलो होतो. गल्ल्यामागच्या बाईंनी नळाखाली ग्लास तिरपा धरून निम्मा भरला, बाजूला ठेवला आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या. फेस बसल्यावर पुन्हा थोडी ओतली आणि पुन्हा थांबल्या. "मामा, चुळबुळ करू नकोस," भाचा म्हणाला, "चांगल्या पिल्सला सात मिनिटं लागतात असं इथे म्हणतात." सात मिनिटांचा हा हिशोब दंतकथाच असावा. एवढ्या वेळात बिअर कोमट व्हायची आणि तिच्यातला वायू उडून जायचा. माझी मात्र सोय झाली. हात रिकामे असले की शब्दांशी चाळा करायला बरे पडते.

पिल्सनर म्हणजे पिल्झनची. बोहेमियातल्या ज्या गावाला जर्मन पिल्झन म्हणतात, त्याला चेक लोक प्ल्झेन्य म्हणतात. गावाच्या नावाला 'अर' लावून विशेषण करायचे, ही जर्मनची लकब. व्हीनर, फ्रांकफुर्टर, हांबुर्गर ही सगळी त्याच वळणाची नावे. आपला 'ई' हेच काम करतो. मग वापरून वापरून मूळ नाम गळते आणि विशेषणच वस्तू होऊन बसते. 'पैठणी' म्हटल्यावर साडी म्हणावे लागत नाही, 'कोल्हापुरी' म्हटल्यावर चप्पल म्हणावे लागत नाही. पुढची पायरी गमतीची आहे. पैठणी येवल्यात विणली तरी पैठणीच राहते. तसेच इथेही झाले. सॅक्सनीतल्या राडेबर्गमध्ये १८७२ पासून पिल्सनर गाळली जाऊ लागली आणि हळूहळू पिल्झन गावाचे नाव प्रकाराचे नाव झाले. जर्मनांनी तर ते तोडून नुसते 'पिल्स' करून टाकले. मूळ गावाला हे रुचले नसावे. १८९८ मध्ये तिथल्या बिअरला 'उर्क्वेल' अशी शेपटी जोडली गेली. उर् म्हणजे आद्य, क्वेल म्हणजे झरा. चेकमध्ये तिलाच 'प्राझ्द्रोय' म्हणतात. त्यातला 'प्रा' आपल्या 'प्र' उपसर्गाचा सख्खा भाऊ. चेक 'प्रादेद' म्हणजे पणजोबा, आणि संस्कृतात प्रपितामह. आपल्या 'पणतू'तला 'प'ही प्रनप्तृमधल्या 'प्र'चाच अवशेष दिसतो. मुळाची आठवण करून द्यायची वेळ आली की दोन्हीकडे तोच उपसर्ग धावून येतो!

आता 'बिअर'. जर्मन 'बीर'चे मूळ काही जण जवाच्या एका जुन्या जर्मानिक नावात शोधतात. पण जास्त पटते ते दुसरे मत : मठांमधल्या लॅटिनमधून, 'बिबेरे' म्हणजे पिणे या धातूवरून हा शब्द आला असावा. हा 'बिबेरे' म्हणजे आपला 'पिबति'. लॅटिनला एक खोड आहे. शब्दारंभीचा 'प' पुढल्या व्यंजनाकडे पाहून आपले रूप बदलतो. म्हणून 'पिब'चे 'बिब' झाले, 'पंच'च्या जोडीदाराचे 'क्विंक्वे' झाले आणि 'पच्'च्या जोडीदाराचे 'कोक्वेरे'. चेक 'पिव्हो' तर उघडच पिण्यावरून आलेले. अरबी 'शराब'चाही मूळ अर्थ नुसते 'पेय', म्हणून तर शरबत तिचे निर्व्यसनी भावंड. यात नवल वाटायचे कारण नाही. मराठीत 'तो पितो' म्हटल्यावर 'काय?' असे कोणी विचारत नाही. सकर्मक क्रियापदाचे कर्म गिळून टाकण्याची ही कला सर्वच भाषांना साधलेली दिसते.

एव्हाना ग्लास आला. उंच, अरुंद, दांडीभोवती थेंब टिपायला कागदाची गोल झालर. तळापासून बारीक बुडबुड्यांची माळ वर चढत होती आणि पलीकडे बसलेल्या भाच्याच्या शर्टाची चौकट बिअरमधून स्पष्ट दिसत होती. वर दोन बोटे पांढरा, घट्ट फेस. पहिल्या घोटाला जवाचा, ओल्या पावासारखा गोडसर वास येतो, मग गवत आणि फुले यांच्या मधला हॉप्सचा वास. कडूपणा पहिल्यांदा कळतच नाही. घोट गिळल्यावर तो जिभेच्या मागच्या बाजूने येतो आणि बराच वेळ बसून राहतो. बोहेमियाच्या बिअरपेक्षा जर्मन पिल्स अधिक कोरडी आणि अधिक कडसर. उत्तरेकडे जावे तसा हा गुण वाढत जातो. त्याला जर्मनमध्ये 'हेर्ब' म्हणतात. मराठीत त्याला एक शब्द नाही, 'तुरटकडू' म्हणून भागवावे लागेल.

पण आपल्या 'कडू'चाच इतिहास सरळ नाही. आयुर्वेदाच्या षड्रसांतला 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. सुंठ, मिरी, पिंपळी यांचे 'त्रिकटु' आजही औषधाच्या डबीवर तो जुना अर्थ राखून आहे. नाहीतर त्यात कडू काय आहे? मराठीत येताना कटु कडुलिंबाच्या घरी राहायला गेला आणि तिखटाची रिकामी जागा तीक्ष्णाने, म्हणजे प्राकृत 'तिक्ख'ने घेतली. बंगालीने मात्र 'तेतो'च्या रूपात तिक्ताला त्याच्या मूळ घरी ठेवले. तिक्त आणि तीक्ष्ण दोन्ही 'तिज्' धातूचे, म्हणजे धार लावण्याचे. 'कटु'विषयी दोन मते आहेत. कोणी त्याला द्राविडी मानतात, तर कोणी लिथुआनियन 'कार्तुस' (अर्थ : कडू) याच्याशी जोडून कापण्याच्या धातूपर्यंत नेतात. जर्मन 'बिटर' हा चावण्याच्या क्रियापदाचा नातलग. त्याच्या मागे आपला 'भिद्', फोडणे, उभा आहे. जिभेला जे बोचते त्याची नावे सगळीकडे हत्यारांच्या पेटीतून काढलेली दिसतात. एकाने धार लावली, दुसऱ्याने कापले, तिसऱ्याने फोडले.

भिद्-वरून भिन्न, आणि भिन्नवरून आपले 'भिनणे' आले असावे. विष अंगात भिनते, तालीम अंगात भिनते. म्हणजे 'बिटर'चा मराठीतला खरा नातेवाईक 'कडू' नव्हेच, तो 'भिनणे' आहे. दुसऱ्या घोटाला हे पटते. पिल्सचा कडूपणा जिभेवर आदळत नाही, भिनतो.

तो देणारी वेल म्हणजे हॉप्स. चेकमध्ये 'ख्मेल', वनस्पतिशास्त्रातल्या लॅटिनमध्ये 'हुमुलुस'. हे दोन्ही शब्द एकाच जुन्या प्रवासी शब्दाची रूपे दिसतात. त्याचाच एक भाऊबंद कॉकेशसमधल्या ओसेतिक या इराणी भाषेत सापडतो आणि काही अभ्यासकांनी त्यात 'हओम' पाहिला आहे. हओम म्हणजे अवेस्तातला सोम. संस्कृतचा 'स' इराणीत 'ह' होतो, हे बँकेचा हप्ता भरणाऱ्या कोणालाही सांगायला नको. सप्ताचाच तो 'हप्त'. व्युत्पत्ती खरी असेल तर प्रत्येक पिल्समध्ये सोमाचा अंश आहे म्हणायचे. मला ती फार आवडते, आणि एवढ्याच कारणासाठी तिच्यावर थोडा अविश्वास ठेवलेला बरा.

जव भिजवून, मोड आणून, वाळवला की त्याचे माल्ट होते. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांना ही कृती ठाऊक आहे. जर्मन 'माल्ट्स'चे मूळ मऊपणाच्या धातूत सांगतात, आणि तोच धातू संस्कृत 'मृदु'त आहे. मृदूचे मराठीत 'मऊ' झाले. मोड आलेला दाणा दाताखाली धरून पाहावा, व्युत्पत्ती चावून कळते. जुन्या पद्धतीच्या पिल्समध्ये हे भरडलेले माल्ट पाण्यात कालवून त्याचा एक भाग बाजूला काढतात, उकळतात आणि पुन्हा मूळ भांड्यात ओततात. याला 'डेकोक्शन' म्हणतात. मघाचा 'कोक्वेरे' तो हाच, म्हणजे पच् आणि पाक. अर्थाने मात्र त्याला आपला 'काढा' जवळचा, आणि तो क्वाथाचा.

पिल्झनची कथाही थोडक्यात सांगतो. १८३८ मध्ये तिथल्या लोकांनी बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली. मग नवी भट्टी बांधली आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल या कारागिराला बोलावले. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा घातला. गावचे पाणी अगदी हलके, माल्ट फिक्या रंगाचे, हॉप्स शेजारच्या झाटेत्सचे, आणि यीस्ट बव्हेरियन पद्धतीचे, थंडीत काम करून तळाशी बसणारे. गडद, गढूळ बिअरची सवय असलेल्या लोकांसमोर सोनेरी आणि आरपार दिसणारी बिअर आली.

या यीस्टला आपल्याकडे जुना शब्द आहे 'किण्व'. कौटिल्याच्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात तो येतो आणि त्यावरूनच आजचे 'किण्वन'. पण 'यीस्ट' आणि जर्मन 'गेरेन' (आंबणे) यांचा धातू संस्कृतात वेगळ्याच ठिकाणी निघतो. 'यस्' म्हणजे उकळणे, फसफसणे, आणि त्यावरून शिणणे. आयास, प्रयास हे त्याचेच. बव्हेरियाच्या १५१६ च्या शुद्धतेच्या फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी एवढ्याच तिघांची नावे आहेत. ज्याने सगळे प्रयास केले त्याचे नाव नाही. यीस्ट हा जीव आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते.

फसफस थांबली की बिअर गोठणबिंदूच्या आसपास काही आठवडे नुसती ठेवून देतात. हे 'लागर'. जर्मन 'लीगेन' म्हणजे पडून असणे, त्यावरून लागर म्हणजे कोठार, छावणी. मराठीत मी याला 'मुरणे' म्हणेन. लोणचे मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, माणूस राजकारणात मुरतो. इथे एक आडवाट घेतो. 'मुरंबा' अरबी 'मुरब्बा'वरून आला, अर्थ 'जोपासलेला'. 'मुरब्बी' त्याच क्रियापदाचे कर्तरी रूप, अर्थ 'जोपासणारा', पालनकर्ता. मराठीत मात्र मुरब्बी म्हणजे पक्का, अनुभवी. हा अर्थ कसा सरकला? शेजारच्या 'मुरलेला'ने त्याला आपल्याकडे ओढले असावे, असा माझा तर्क आहे. पालनकर्ता आमच्या बरणीत पडला आणि मुरून निघाला!

पडून राहिल्याने बिअरचे काय होते? गाळ खाली बसतो आणि वरचे निवळते. आता कौटिल्याची मद्यांची यादी पाहावी : मेदक, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु, आणि त्यांत 'प्रसन्ना'. अमरकोशातही सुरेच्या नावांमध्ये प्रसन्ना आहे. 'सद्' म्हणजे बसणे. जर्मन 'झिट्सन' तेच आणि गाळाला इंग्रजीत म्हणतात ते 'सेडिमेंट'ही तेच. प्र + सद् म्हणजे खाली बसून स्वच्छ झालेले. प्रसन्न हा शब्द आधी पाण्याला लागला असावा, मग मुद्रेला आणि मनाला. 'प्रसाद'चाही एक जुना अर्थ निर्मळपणाच. म्हणजे गाळ आणि प्रसन्नता एकाच धातूच्या पोटी जन्मली. एक खाली बसला म्हणून दुसरी वर उरली. मराठीने 'निर्मल'वरून 'निवळ' केले, गढूळ पाण्यात उगाळायच्या बीला 'निवळी' म्हटले, आणि ताकावर साचणाऱ्या पाण्यालाही तेच नाव दिले. 'नितळ' मात्र मला अजून सुटलेला नाही. 'तळ दिसतो ते नितळ' ही फोड इतकी सोयीची आहे की ती लोकव्युत्पत्तीच असावी. वाचकांना काही सुचल्यास कळवावे.

ग्लासात तळाशी बोटभर उरली होती. तिच्यातून टेबलाच्या लाकडाच्या रेषा मोजता येत होत्या.

"काय मामा, कशी आहे?" भाच्याने विचारले.

"प्रसन्न," मी म्हणालो.

त्याला वाटले, मी माझ्याविषयी बोलतोय.