तार कोणाची, वाट कोणाची?

नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. कोकणातून वर चढणाऱ्या मालाची जकात त्यात टाकीत, असे परंपरेने सांगतात. हा घाट शिकवताना मी मुलांच्या मनावर एकच गोष्ट बिंबवतो: माल कोणाचाही असो, वाट राखणाऱ्याचा वाटा ठरलेला. संगणकयुगातही हे सूत्र चुकलेले नाही.

अमेरिकेत १९९०च्या दशकात इंटरनेट घरोघरी पोहोचले ते बहुतांशी टेलिफोनच्या तारेवरून. वेग सेकंदाला फार तर ५६ किलोबिट. पण हव्या त्या सेवा-कंपनीचा क्रमांक फिरवण्याची मुभा ग्राहकाला होती. केबल टीव्हीची तार कितीतरी वेगवान. मात्र इतरांना तिच्यावरून वाट देण्याचे बंधन मालकावर नव्हते.

विंडोजच्या जोरावर बलाढ्य झालेल्या मायक्रोसॉफ्टने हे ओळखले. टीव्हीला जोडायच्या पेटीत दुसऱ्याची प्रणाली बसली, तर तिचे राज्य संगणकापुरतेच उरणार होते. म्हणून जून १९९७ मध्ये तिने कॉमकास्ट या केबल कंपनीत १ अब्ज डॉलर गुंतवले आणि मे १९९९ मध्ये एटी अँड टीमध्ये ५ अब्ज. केबल कंपन्या विकत घेत सुटलेल्या एटी अँड टीने आपल्या लाखो पेट्यांत मायक्रोसॉफ्टची प्रणाली वापरण्याचे मान्य केले.

इकडे ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने अट घातली होती, की केबलची तार प्रतिस्पर्ध्यांनाही खुली करा. एटी अँड टी न्यायालयात गेली. शहराला तो अधिकारच नाही, असा निकाल अपील न्यायालयाने जून २००० मध्ये दिला.

खरी मौज पुढे आहे. २००२ मध्ये एटी अँड टीचा केबल व्यवसाय कॉमकास्टकडे गेला. तारवाले अधिकच प्रबळ झाले. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्ट ही ॲमेझॉन, डिस्ने आदींच्या गटात उभी राहून सरकारकडे मागू लागली, की तारेच्या मालकाने मजकुरात भेदभाव करू नये! सहा अब्ज ओतूनही तार तिच्या मुठीत आली नव्हती.

द्विभाषिक मुलुखात राहणाऱ्या आपण ही कथा परक्यांची म्हणून सोडू नये. मजकूर पाहून इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यास आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मनाई केली. ज्या भाषेचे वाचक आपल्या गावात थोडे, तिला अशा नियमाचा आधार सर्वांत मोठा. अब्जाधीशालाही अखेर नियमच मागावा लागला. आपल्यापाशी तर वाट विकत घेण्याचा पर्यायही नाही.