नमुना आठ ते शेअर सर्टिफिकेट

स्मरणिका समितीने सांगितलं, "तुम्ही पहिले खजिनदार, सोसायटीच्या कर्जाचा इतिहास तुम्हीच लिहा." पण हा इतिहास सोसायटीपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो खटाव तालुक्यातल्या आमच्या गावठाणातल्या घरापासून.

1998 ची गोष्ट. पावसाळ्यात मागची भिंत खचली. मी नोकरीला, पगार नियमित, म्हटलं कर्ज काढू आणि गावातच दोन खोल्या नीट बांधू. आदल्याच वर्षी स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सरकारने ग्रामीण गृहकर्जाची योजना आणली होती. राष्ट्रीय आवास बँकेचा तिला आधार होता. मोठ्या उत्साहाने बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "सातबारा आणा." आता गावठाणातल्या घराला सातबारा कुठला? आमच्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि घरपट्टीच्या पावत्या. आजोबांपासूनच्या, एकही चुकलेली नाही. पण नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. सिटी सर्व्हे मोठ्या गावांना झालेला, आमचं गाव लहान. वडील एवढंच म्हणाले, "चार पिढ्या राहिलो, आणि घर आपलं न्हाई व्हय!"

इथे साताऱ्यात मात्र उलट. जागा एन.ए. झालेली, नगरपालिकेची मंजुरी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, संस्थेची नोंदणी आणि नाहरकत पत्र. त्याच पगारावर, त्याच माणसाला कर्ज मंजूर. व्याज तेरा टक्क्यांच्या आसपास होतं, हप्त्याच्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नसे! 1999 च्या अर्थसंकल्पात गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत 30,000 वरून 75,000 रुपयांवर गेली. आपल्या निम्म्या सभासदांनी तेव्हाच धीर केला, हे मला पक्कं आठवतं.

संस्थेने घर बांधायचं ही कल्पना जुनीच. 1912 च्या सहकार कायद्याने वाट मोकळी झाली आणि 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सोसायटी उभी राहिली. आपल्या कराडचे यशवंतराव मुख्यमंत्री असताना 1960 चा सहकारी संस्था कायदा आला. सहकारी गृहनिर्माण वित्त महामंडळही त्याच वर्षीचं. पैसा मुख्यतः आयुर्विमा महामंडळाचा, हमी राज्य सरकारची. पण कर्ज मिळायचं संस्थेला, सभासदाला नाही. एकाने हप्ते थकवले की अख्खी इमारत थकबाकीदार. आपण प्रत्येकाने आपापलं कर्ज काढलं ते त्यामुळेच. तेव्हाच्या सभेत यावरून केवढी वादावादी झाली होती! आज वाटतं, तो निर्णय बरोबर होता.

गावाकडे नंतर घरकुलं आली. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात 1,20,000 रुपये अनुदान मिळतं. यादीत नाव असलेल्यांचं त्याने भलं झालं. पण कंडक्टर, कारखान्यातला फिटर, शाळेतला शिपाई ना यादीत, ना बँकेच्या दारात. असेच लोक आपल्या सोसायटीत जास्त आहेत. शहराची हौस म्हणून आलेले थोडे. बाकीच्यांना कागद जिथे होता तिथे यावं लागलं.

2020 मध्ये स्वामित्व योजना आली. ड्रोनने गावठाणं मोजायची आणि मालमत्ता पत्रक द्यायचं. आमच्या गावावरूनही ड्रोन फिरला. पोरं दिवसभर मागे धावत होती. वडील तेव्हा नव्हते. पुढे सनद हातात आली, ती मी इथल्या शेअर सर्टिफिकेटच्याच फाईलला लावली आहे.

धाकट्या भावाला आता तिथे घर बांधायचंय. बँक कर्ज द्यायला तयार आहे. पण सनदेवर आम्हा दोघांबरोबर तीन चुलतभावांचीही नावं आहेत, सगळ्यांच्या सह्या लागणार. एक सुरतेला, एक पिंपरीला, आणि तिसरा गावातच, पण दहा वर्षं आमच्याशी बोलत नाही. दिवाळीला सगळे गावी जमणार आहेत. त्या तिसऱ्याकडे मीच जाणार आहे.