नॅन्सी हँक्स : एका मातेच्या नांवाचा शोध

अब्राहम लिंकनची माता नॅन्सी हँक्स ही अमेरिकेंतील रानवट मुलखांत संसार केलेली एक साधी शेतकरीण. विषारी वनस्पति खाणाऱ्या गाईंच्या दुधापासून होणाऱ्या आजारानें ती १८१८ सालीं इंडियानांत वारली; तेव्हां पुत्र अवघा नऊ वर्षांचा होता.

पुढें तो थोर पदास चढला आणि मातेचें लग्न झालेंच नव्हतें, अशी कुजबूज उठली. खानेसुमारीचा येथें उपयोग नव्हता. १८५० पूर्वीं तींत केवळ कुटुंबप्रमुखाचें नांव लिहीत, घरच्या बायका नुसत्या आंकड्यांत मोजल्या जात. केंटकीच्या हार्डिन जिल्ह्यांत, जेथें या दांपत्यानें बिऱ्हाड थाटलें, तेथें विवाहाची नोंद सांपडेना.

ती होती वॉशिंग्टन जिल्ह्याच्या दप्तरांत! लग्नास कायद्याची आडकाठी नाहीं, अशी हमी देणारा १० जून १८०६ चा जामीनकतबा, आणि १२ जूनला विवाह लावल्याची धर्मोपदेशकाची नोंद. हे कागद उजेडांत आले, तेव्हां लिंकन हयात नव्हता.

स्त्रीचा माग काढणारानें पतीच्या गांवींच थांबूं नये. तिचें लग्न जेथें लागलें, तेथील दप्तरही उघडावें. नॅन्सीची अब्रू तेथेंच जपून ठेवलेली होती.